जुने तंटे आणि मुदतीचे कुलूप

"शिळ्या कढीला ऊत आणू नये" ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. "गाडलेली मढी उकरू नयेत" ही तिची थोरली बहीण. या म्हणी सांगणाऱ्यांकडे आम्ही गेली तीस वर्षे बारकाईने पाहत आलो आहोत, आणि आमच्या असे ध्यानात आले आहे की, कढी ताजी असताना ज्यांच्या ताटात ती भरपूर पडली तेच बहुधा तिच्या शिळेपणाची चर्चा करतात. जो उपाशी उठला त्याला कढी किती दिवसांची आहे याचे फारसे वाटत नाही. परंतु एवढ्यावरून म्हण खोटी ठरत नाही. तंटा कधीच संपू नये, वाटेल त्याने वाटेल तेव्हा उठून तो नव्याने मांडावा, असे कोणी म्हणेल तर त्याच्या हाती आम्ही कामगार संघटनेचे दप्तर एक महिनाही देणार नाही. तेव्हा जुन्या वादाचे दार केव्हा लावावे, कोणी लावावे, आणि लावताना बाहेर कोण राहिले हे पाहावे की नाही, हा आमचा विषय आहे. तो वकिलांचा विषय आहे असे समजून श्रोत्यांनी घाबरू नये. आम्ही वकील नाही. आठवीनंतर आम्ही शाळेत गेलेलो नाही; कायद्याची पुस्तके वाचली ती गरजेपोटी, पाळी सुटल्यावर.

पहिल्यानेच एक भेद केला पाहिजे. वाद मिटणे ही एक गोष्ट आणि वाद जुना होणे ही दुसरी. पहिलीत दोन्ही बाजूंचे ऐकून कोणीतरी निर्णय दिलेला असतो. दुसरीत कोणी काहीच केलेले नसते; नुसती भिंतीवरची दिनदर्शिका बदललेली असते. बोलताना आपण दोहोंनाही "जुने प्रकरण" म्हणतो आणि तेथेच घोटाळा होतो.

मिटलेला वाद काही काळ मिटलेलाच राहिला पाहिजे, याबद्दल आमचा आग्रह कोणत्याही मालकापेक्षा कमी नाही. सभेचे काम ज्यांनी चालविले आहे त्यांना कारण सांगावयास नको. एका कारखान्यात नगावरच्या मजुरीचा दर हा विषय आमच्या मासिक सभेत लागोपाठ सात महिने येत होता. एका सभेत ठराव होई. त्या सभेला गैरहजर असलेले लोक पुढच्या सभेला येऊन तोच विषय पुन्हा काढीत. मग आधीचे हजर लोक कंटाळून घरी बसत आणि ठराव फिरे. शेवटी सभेनेच नियम केला की, ठराव झालेला विषय सहा महिने पुन्हा घ्यावयाचा नाही. मात्र नवी माहिती पुढे आली असेल आणि एकतृतीयांश सभासदांनी लेखी मागणी केली तर तो आधीही घ्यावा. इतिवृत्ताची वही सभेच्या टेबलावर उघडी ठेवावयाची, कोणीही वाचावी. लोकसभेच्या नियमांतही याच जातीची तरतूद आहे: ज्या प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा ठरावाच्या रूपाने आणता येत नाही. पुढच्या अधिवेशनात आणण्यास मज्जाव नाही. कुलूप आहे, पण त्याला किल्ली आहे आणि ती कोठे टांगली आहे हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या पूर्वजांनाही ही अडचण चांगली माहीत होती. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई तेव्हा वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून आधी राजीनामे लिहून घेत. हा राजीनामा म्हणजे नोकरी सोडताना आज आपण देतो तो नव्हे. सभा जो निवाडा करील तो आम्हास राजीखुशीने मान्य, अशा कबुलीचा तो कागद. मग जामीन घेत, साक्षी होत, कधी दिव्यही होई. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरावयाची, हरणाऱ्याने गुन्हेगारी भरावयाची आणि शिवाय यजितखत लिहून द्यावयाचे, म्हणजे आपण वादात हरलो आणि यापुढे हा दावा सांगणार नाही, असे आपल्याच नावाने लिहून द्यावयाचे. इतके करूनही वतनांचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले, अंमल पालटला की हरलेल्या घराण्याचा नातू नव्या दरबारात उभा राहिला, हे खरे आहे. त्या पद्धतीत दिव्यासारख्या रानटी गोष्टी होत्या हेही खरे आहे. परंतु दार लावण्याची त्यांची कल्पना आम्हास विचार करण्याजोगी वाटते. ते ऐकून घेऊन लावीत आणि हरणाऱ्याच्या सहीने लावीत.

इंग्रजी अमलाबरोबर कुलूप लावण्याची दुसरी तऱ्हा पक्की झाली, ती मुदतीची. आज जो मुदतीचा कायदा चालू आहे तो १९६३ सालचा. १९०८ सालच्या कायद्याच्या जागी तो १ जानेवारी १९६४ पासून आला. उसने दिलेल्या पैशाचा किंवा मोडलेल्या कराराचा दावा तीन वर्षांत लावावा. स्थावर मिळकतीच्या कबजाचा बारा वर्षांत. मुदत टळून गेली की प्रतिवादीने तोंड उघडले नाही तरी न्यायालयाने दावा काढून टाकला पाहिजे, इतका हा नियम कडक आहे. त्याला काही दयेच्या खिडक्या आहेत. वादी अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत मुदत त्याच्या अंगावर धावत नाही. प्रतिवादीने लबाडीने गोष्ट लपविली असेल तर ती उघडकीस आल्यापासून, किंवा थोड्या खटपटीने उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून, दिवस मोजावयाचे. ऋणकोने मुदतीच्या आत "मी देणे लागतो" असे सही करून लिहून दिले तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सावकारांना हे शेवटचे कलम तोंडपाठ असते. कामगारांना ते कोणी शिकवीत नाही.

या कायद्यामागची कारणे मालकांच्या सोयीची म्हणून झटकून टाकता येणार नाहीत. साक्षीदार मरतात. जिवंत असतात त्यांनाही पंधरा वर्षांपूर्वी फोरमन नेमके काय बोलला हे आठवत नाही. आठवते ते त्यानंतर घरी सांगितलेले. हजेरीपत्रके वाळवी खाते. आणि आमच्या बाजूने पाहिले तरी एक अडचण उरतेच: दहा वर्षांपूर्वी कमी केलेल्या मनुष्यास परत कामावर घ्या असा हुकूम झाला तर त्याच्या यंत्रावर आज दुसरा कामगारच उभा आहे, आणि त्याच्याही घरी चूल आहे. जगाच्या व्यवहारात कधीतरी हिशेब बंद करावा लागतो, हे आम्हास मान्य आहे.

परंतु दार बंद झाल्याने आतील वस्तू नाहीशी होते काय? येथे सर्वोच्च न्यायालयाचा १९५८ सालचा एक निकाल फार उद्‌बोधक आहे. मुंबई राज्याने १९५३ साली कामगार कल्याण निधीचा कायदा केला. कामगारांनी न उचललेला पगार मालकाकडे तीन वर्षांहून अधिक काळ पडून राहिला तर तो या निधीत जमा करावा, असे त्यात होते. एक गिरणी कंपनी या कायद्याविरुद्ध न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले की, मुदत गेल्याने पगाराचे ऋण मरत नाही. न्यायालयातून वसूल करण्याचा मार्ग तेवढा बंद होतो. मालक कामगाराचे देणे लागतो तो लागतोच. आणि ज्याअर्थी कायद्याने त्याला त्या देण्यातून मोकळे केलेले नाही, त्याअर्थी तोच पैसा राज्यानेही घेणे टिकणार नाही. पुढे कायदा दुरुस्त करावा लागला. निकालाचा तात्कालिक फायदा कोणास झाला हे उघड आहे. तथापि त्यातील तत्त्व कामगाराने पाठ करून ठेवावे असे आहे. ज्याची मुदत गेली आहे तो खोटा ठरलेला नाही. त्याचे कोणी ऐकलेलेच नाही.

आता औद्योगिक तंट्याकडे येऊ. १९४७ सालच्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी मुदत मुळात घातलेलीच नव्हती. तंटा लवादाकडे सोपविण्याचा अधिकार सरकारास होता आणि तो "केव्हाही" वापरता येईल असे कायद्याचे शब्द होते. असे का केले? कामगाराला त्या काळी आपल्या पायांनी लवादापुढे जाता येत नसे. आधी संघटनेने मागणी करावयाची, मग तडजोड अधिकाऱ्याने बैठका घ्यावयाच्या, मग त्याचा अहवाल मंत्रालयात जावयाचा, मग फाईल हलावयाची. जे दार दुसऱ्याच्या हाताने उघडते त्याची वेळ टळल्याबद्दल कामगारास दंड कसा करावयाचा?

न्यायालयांनी यातून वाट काढली ती तारतम्याची. १९५९ साली बंगालमधील एका जहाज-कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुदत नसली तरी तंटे होतील तितक्या लवकर पुढे आले पाहिजेत. तेथे चार वर्षांवर उशीर झाला होता. १९६३ साली मुंबईच्या गॅस कंपनीच्या कामगारांनी एका जुन्या निवाड्याखालील आपले येणे मागितले. त्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी स्पष्ट सांगितले की, कायदेमंडळाने जेथे मुदत घातलेली नाही तेथे न्यायालयाने ती आपल्या पदरची घालू नये. गजेंद्रगडकर हे मूळचे साताऱ्याचे, आणि पुढच्याच वर्षी ते सरन्यायाधीश झाले. पुढे १९९९ साली पंजाबातील एका सहकारी संस्थेच्या कामगाराने सुमारे सात वर्षांनी दाद मागितली होती. न्यायालयाने केवळ उशिरासाठी त्याला हाकलून दिले नाही, थकलेल्या पगारात मात्र कपात केली. आणि लगेच २००० साली एका बँकेच्या कर्मचाऱ्याचा तंटा, तोही सात वर्षांच्याच उशिराचा, त्याच न्यायालयाने शिळा म्हणून नाकारला. वर्षभराच्या अंतराने, सातच वर्षे, आणि दोन निकाल दोन दिशांना. प्रकरणांची हकीकत वेगवेगळी होती हे आम्ही जाणतो. पण साध्या कामगारास यातून काय समजावे? नियम निश्चित करा, ही मागणी म्हणूनच दोन्ही बाजूंनी येऊ लागली.

नियम निश्चित झाला. २०१० साली कायद्यात दुरुस्ती होऊन कामावरून काढलेल्या एकट्या कामगारास सरळ न्यायालयात जाण्याची मोकळीक मिळाली आणि तिच्याबरोबर तीन वर्षांची मुदतही आली. त्यानंतर २०२० सालची औद्योगिक संबंध संहिता झाली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९४७ चा कायदा गेला. या संहितेत तीन वर्षांची दोन झाली. आणि याहून महत्त्वाचा बदल असा की, तंटा निर्माण झाल्यापासून दोन वर्षे उलटली तर तडजोड अधिकाऱ्याने त्या तंट्यात तडजोडीची बैठकच घ्यावयाची नाही, असे ठरले. एकट्यादुकट्याचा तंटा असो की सबंध कारखान्याचा, कुलूप एकच. गंमत अशी की, त्याच दिवशी अमलात आलेल्या २०१९ सालच्या वेतन संहितेत पगाराच्या मागणीची मुदत वाढविली आहे. १९३६ च्या वेतन कायद्यात ती सहा महिन्यांची होती, १९६४ साली बारा महिन्यांची झाली, आता तीन वर्षांची आहे, आणि सबळ कारण दाखविल्यास नंतरही अर्ज घेता येतो. एका हाताने दार रुंद केले, दुसऱ्याने अरुंद. नोकरीच गेल्यावर पगाराची मुदत तीन वर्षे असून उपयोग किती, हा हिशेब श्रोत्यांनी करावा.

दोन वर्षे म्हणजे पुष्कळ झाली असे पुष्कळांना वाटेल. टेबलाशी काम करणाऱ्याला ती पुष्कळच आहेत. आम्ही ज्यांच्याविषयी बोलत आहो त्यांच्यातला एक वर्ग असा आहे की, त्याला आपल्यावर अन्याय झाला हेच दोन वर्षांत कळत नाही.

इंग्लंडमधील एका पोलादाच्या कारखान्यात ओतीव माल घासून साफ करणारे कामगार होते. त्या कामात वाळूची बारीक धूळ उडते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा फुप्फुस अर्धेअधिक निकामी झालेले असते. या कामगारांनी दावा लावला तो रोग कळल्यावर. मालकाची कसूर सिद्ध होती. परंतु मुदत सहा वर्षांची, आणि कायद्याच्या दृष्टीने ती सुरू झाली धुळीने फुप्फुसाला पहिली खरी इजा केली त्या दिवसापासून. मग ती इजा त्या वेळी कोणत्याही डॉक्टरला दिसणे शक्य नसले तरी चालेल. म्हणजे दाव्याचा हक्क त्यांना कळण्याच्या आधीच जन्मला आणि कळण्याच्या आधीच मेला. १९६३ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च पीठाने, कायदा असा आहे याबद्दल खेद दाखवून, कामगारांविरुद्ध निकाल दिला. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा बदलला आणि अशा प्रकरणी कामगारास कळल्याचा दिवस हिशेबात घेण्याची सोय केली. आपला मुदतीचा कायदाही त्याच १९६३ सालचा असावा हा योगायोग आम्हास नेहमी टोचतो.

आपल्याकडे ही गोष्ट परकी नाही. कापड गिरणीतील ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाच्या धुळीने जो दम्यासारखा रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची सुरुवात फसवी असते: आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरे वाटते. कामगार म्हणतो, रविवारी काही बाधले असेल. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ याहून दगलबाज. तिचे काही रोग वीस, तीस, चाळीस वर्षांनी प्रकट होतात. १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्याने या बाबतीत थोडी अक्कल दाखविली होती. दाव्याची मुदत दोन वर्षांची, परंतु व्यवसायाने झालेल्या रोगात ती कामगार त्या रोगामुळे सलग गैरहजर राहू लागला त्या दिवसापासून मोजावयाची, आणि सबळ कारण असेल तर आयुक्ताने उशिराचा अर्जही घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात आणखी एक पाऊल टाकले: प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद त्याच्या नोकरीच्या प्रारंभापासून निदान ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत कारखान्याने जपून ठेवली पाहिजे. आमच्या मते या विषयावरचे हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य आहे. दार कोणत्या वर्षी लावावे याचा वाद बाजूस ठेवून त्याने दप्तर जाळण्यास बंदी केली. साक्षीदार मरतात, कागद हरवतात, म्हणून मुदत हवी असे जे म्हणतात त्यांनी आधी कागद जपण्याची जबाबदारी घ्यावी. ज्याच्या कपाटात कागद आहेत त्यानेच ते हरवावेत आणि त्या हरवण्याचा फायदाही त्यालाच मिळावा, हे कसे?

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घ्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, आणि तो संप औपचारिकपणे मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे कामगारांना घरे देण्याचे धोरण ठरले तेव्हा दीड लाखाहून अधिक अर्ज आले. पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे तीस वर्षांनी. तोपर्यंत अर्ज करणाऱ्यांत पुष्कळशा विधवा होत्या, मुले होती, कोकणातल्या आणि घाटावरच्या गावी परत गेलेली कुटुंबे होती. त्यांनी पेटीतून काढले काय? गिरणीचा बिल्ला, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती. गिरणीचे दप्तर नाहीसे झाले होते तेथे बायकोने लुगड्याच्या घडीत ठेवलेला कागद उपयोगी पडला. जुने प्रकरण म्हणून कोणी त्यांना हसले असेल, पण कुलूप नव्हते म्हणून काही हजार कुटुंबांना तरी छप्पर मिळाले.

आमचे म्हणणे काय ते आता मांडतो. औद्योगिक करारांच्या बाबतीत जुन्या कायद्याने एक फार चांगली रीत घालून दिली होती आणि नव्या संहितेनेही ती पुष्कळशी ठेवली आहे. करार ठरलेल्या मुदतीपर्यंत बंधनकारक. मुदत लिहिलेली नसेल तर सहा महिने. पण मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही, तसा तो कायमचाही होत नाही. एका पक्षाने दुसऱ्यास लेखी नोटीस द्यावी, दोन महिने जावेत, मग तो विषय पुन्हा खुला. यात गुपचूप काही घडत नाही. हीच रीत तंट्यांनाही लावावी. दोन वर्षांची मुदत घालावयाची तर घाला. पण तिची घंटा ज्याला लागू आहे त्याच्या कानी पडू द्या. कामावरून काढल्याच्या पत्रावरच, त्याला वाचता येईल अशा भाषेत, शेवटची तारीख छापा. तारीख छापली नसेल तर मुदत सुरू होऊ नये. रोगाच्या आणि लपविलेल्या गोष्टींच्या बाबतीत दिवस मोजावयाचे ते कळल्यापासून. सबळ कारणाचा उशीर माफ करण्याचा अधिकार पगाराच्या प्रकरणात आहे तसा नोकरीच्या प्रकरणातही स्पष्ट शब्दांत असावा. महाराष्ट्राने १९७१ साली अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला तेव्हा तक्रारीला ९० दिवसांची तोकडी मुदत घातली, पण योग्य कारण असल्यास ती ओलांडण्याची वाटही बरोबर ठेवली. आणि उशिराने आलेल्याला द्यावयाचे ते किती, हे न्यायालयाने तारतम्याने ठरवावे. दहा वर्षांनी आलेल्यास यंत्र परत देता येणार नाही, तर त्याची ग्रॅच्युइटी, त्याचा फंड, त्याच्या नावावरचा चोरीचा डाग, एवढ्याचा तरी निकाल लावता येतो. नोकरी गेल्याचे दुःख वीस वर्षांत विसरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. तो डाग विसरलेला एकही पाहिला नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर कुलूप आहे ते आहे, म्हणून व्यवहाराची गोष्ट सांगतो. "तंटा निर्माण झाला" तो कोणत्या दिवशी, काढून टाकले त्या दिवशी की मालकाने मागणी नाकारली त्या दिवशी, यावर वकील पुढे पुष्कळ वाद घालतील. आपण त्या वादात न पडता आधीचा दिवस धरावा आणि त्याला दोन वर्षे होण्याच्या बऱ्याच आधी अर्ज द्यावा. मालकाशी बोलणी चालू आहेत, साहेब चांगला मनुष्य आहे, दिवाळीनंतर बघू म्हणाला आहे, या कारणाने थांबू नये. बोलणी चालू ठेवावीत आणि अर्जही द्यावा. त्यातही साहेब देणे कबूल करीत असेल तर ते दोन ओळींत, तारीख घालून, सहीनिशी लिहून मागावे. अर्ज हाताने नेऊन दिला तर दुसऱ्या प्रतीवर कचेरीचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. टपालाने पाठविला तर पावती अर्जाच्या प्रतीलाच टाचून ठेवावी. आणि ती प्रत युनियनच्या कपाटात एक असली तरी घरी दुसरी असावी.